कार्ड क्रमांक २९७ची मागची बाजू

ऑल्टूना, पेनसिल्व्हेनिया
११ सप्टेंबर २०१७

प्रिय लोर्ना,

तुझ्या वडिलांविषयी तू लिहिलेले एक पानी टिपण काल मिळाले. त्यात सहा चुका आहेत.

लायल पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाकडून अकरा नव्हे, नऊ सामने खेळला. त्याचा मृत्यू 'डिसेंबर १९५५च्या सुमारास' झालेला नाही. तो १९ जानेवारी १९५६ रोजी, गुरुवारी सकाळी, जुनियाटाच्या चढावर बर्फावरून ट्रक घसरल्याने झाला. त्या ट्रकात कोळसा नव्हता, विटा होत्या. हिवाळ्यात तो वीटभट्टीवर काम करीत असे. तुझे आजोबा इंजिनचालक नव्हते, रेल्वेच्या कारखान्यात बॉयलर बांधीत. मी लायलचा थोरला भाऊ नसून चार वर्षांनी धाकटा आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे: 'कार्ड निघाले आणि मग संघाने त्यांना काढले' असे तू लिहिले आहेस. क्रम उलटा होता. संघाने त्याला मे १९५५मध्ये काढले; च्युइंग गमच्या पुड्यांतून त्याच्या छबीचे कार्ड बाहेर पडले ते ऑगस्टमध्ये, तो घरी येऊन बसल्यावर.

एक्केचाळीस वर्षे वृत्तपत्रात मुद्रिते तपासली. चूक दिसली की लेखणी उचलल्यावाचून राहवत नाही, एवढे समजून घे.

ते कार्ड तू विकत घेतलेस, सीलबंद डबीत, तज्ज्ञांचा नऊचा दर्जा मिळालेले, हे वाचून मी चकित झालो. दहापैकी नऊ म्हणजे जवळजवळ निर्दोष, असे तू लिहितेस. तसे असेलही. टिपण सुधारून त्याच्याशेजारी ठेव.

फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही.

तुझा,
एमरी होस्टरमन

---

सँडस्की, ओहायो
१८ सप्टेंबर

प्रिय एमरीकाका,

शाळेत माझ्या निबंधांवरसुद्धा एवढी लाल शाई कुणी ओतली नव्हती! पण राग नाही आला. उलट बरं वाटलं. बाबांबद्दल चुकीचं का होईना, काही लिहावं म्हटलं, तर बरोबर काय ते सांगणारा जगात एकच माणूस उरलाय, आणि त्यानं तीस वर्षांत मला नाताळचं कार्डही पाठवलेलं नाही. (हे टोमणा म्हणूनच वाचा.)

आता कार्डाची गोष्ट सांगते. ही गमच्या कंपनीची कार्डं तेव्हा टप्प्याटप्प्यानं छापायचे म्हणे. शेवटच्या टप्प्यापर्यंत पोरांची शाळा सुरू व्हायची, बेसबॉलचा हंगाम सरायचा, मग ती कमी खपायची. बाबा त्या शेवटच्या टप्प्यातले, क्रमांक २९७. आता हौशी लोकांत चुरस असते: अख्खा संच कुणाकडे आहे आणि त्याच्या दर्जाची सरासरी कुणाची जास्त. मोठ्या खेळाडूंची चांगली कार्डं मिळतात, कारण ती पोरांनी जपून ठेवली. बाबांसारख्यांची सायकलच्या चाकात फटफट वाजायला नाहीतर कचऱ्यात गेली. म्हणून २९७ क्रमांकाला नऊचा दर्जा मिळालेलं कार्ड जगात एकच आहे. एकच!

लिलाव कॉम्प्युटरवर होता. ॲरिझोनाचा एक दातांचा डॉक्टर माझ्याशी शेवटपर्यंत भिडला. त्याला बाबा कोण हेही ठाऊक नव्हतं. त्याच्या संचात तेवढी एक खाच रिकामी आहे. मी नवऱ्याची, गसची, बोट विकली, धक्क्यावरची जागासुद्धा. तो गेल्यापासून ती नुसती बांधून होती. डबीवरचा नंबर मी दर्जा देणाऱ्या कंपनीच्या यादीशी दोनदा ताडून बघितला. अगदी बरोबर जुळतो.

काका, शाळेची बस एकोणतीस वर्षं चालवली, तेव्हा आरशात चाळीस पोरं बघायची सवय होती. आता रोज एकच चेहरा बघते. टोपी, कानांमागचे केस, वर उचललेला डावा हात. पाठीमागची बाजू जरा जास्तच पांढरी आहे. दुपारी खिडकीतून तिरकं ऊन आलं की आकड्यांच्या खाली बारीक चऱ्या दिसतात. छापखान्याच्या यंत्राच्या असतील.

तुम्ही सहा चुका काढल्यात. 'वडिलांनी माझ्यासाठी काही ठेवलं नाही' हे वाक्य मात्र तसंच राहू दिलंत. म्हणजे ते बरोबर होतं म्हणायचं. त्यांची सही लग्नाच्या दाखल्यावर आहे, तो आईचा म्हणून माझ्याकडे आला. त्याखेरीज त्यांच्या हातचं एक अक्षर मी पाहिलेलं नाही. म्हणून तर बोट गेली, दुसरं काय.

तुमची,
लोर्ना

---

ऑल्टूना
२२ सप्टेंबर

प्रिय लोर्ना,

तुझे पत्र पोहोचले.

डॉक्टरमहाशयांची खाच अद्याप रिकामी असेल तर ते तुझ्याकडे पुन्हा विचारणा करतील. तसे झाल्यास माझा स्पष्ट सल्ला आहे की तू ते कार्ड त्यांना द्यावेस, आणि विलंब न लावता द्यावेस. अशा वस्तूंचे भाव हौसेवर चालतात आणि हौस टिकत नाही. चेहरा पाहायचा तर लायलचे छायाचित्र माझ्याकडे आहे. त्याची प्रत करून पाठवितो. त्यात तो अधिक चांगला दिसतो, हसतो आहे.

तू ज्या चऱ्यांचा उल्लेख केलास त्यांविषयी, केवळ छपाईतील जिज्ञासेपोटी, विचारतो. त्या आडव्या आहेत की उभ्या? किती ओळींत आहेत? खालच्या कडेपर्यंत जातात काय? यंत्राच्या खुणा सरळ रेषेत आणि समान अंतरावर असतात. या तशा आहेत की नाहीत, ते नीट पाहून कळव.

टिपणातील त्या वाक्याविषयी मला काही म्हणावयाचे नाही.

एमरी

---

सँडस्की
२ ऑक्टोबर

प्रिय एमरीकाका,

फोटो मिळाला. किती हसताहेत! पाठीमागे दोरीवर कपडे वाळताहेत, तो आईचाच फ्रॉक असणार. फ्रिजवर लावलाय.

आता वाईट बातमी. तुम्ही म्हणालात तसा डॉक्टरचा फोन आला. मी दिलेल्यापेक्षा वरचा आकडा बोलला. मी म्हटलं, "विकायचं नाही, पण फोटो पाठवते, बघून समाधान करा." पाठवले. दुसऱ्या दिवशी परत फोन.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही कार्ड बघून घेतलंत की डबी बघून?"

"म्हणजे काय?"

"डबीच्या आत कार्डाच्या दोन्ही बाजूंना आणि खाली फट दिसतेय. पूर्ण मापाचं कार्ड त्या खोबणीत घट्ट बसतं. तुमचं हलतंय. कडा कापल्यात हो त्याच्या. जुने मऊ झालेले कोपरे केसभर कापले की नवे होतात."

"अहो, पण नंबर जुळतो!"

"नंबर जुळणारच. डबीही खरी, नंबरही खरा. कुणी तरी आधी कार्डाला न्हाऊमाखू घातलं, इस्त्री केली, कडा कापल्या आणि मग तपासायला पाठवलं. वीस वर्षांपूर्वी तपासणाऱ्यांना ते कळलं नाही. तेव्हाच्या डब्यांचे फोटोही ठेवत नसत. मागची बाजू बघा, किती पांढरी! काही तरी पुसलंय तिथलं. मला माफ करा, मी यातून बाहेर."

त्याच्यासारखा माणूस लिलावात कसा फसला, असं मी विचारलं. म्हणाला, "मीही आकडाच बघत होतो. सगळेच तेच बघतात."

असं आहे, काका. मी आकडा विकत घेतला. बस चालवताना मागच्या गाडीच्या दिव्यावरून ड्रायव्हर प्यायलाय का ते ओळखायची मी. आणि इथं बापाच्या चेहऱ्याकडे बघता बघता कडा बघायची राहिली.

चऱ्यांचं विचारलंत. चार ओळी आहेत, आडव्या. सरळ नाहीत, वर-खाली जातात. शेवटची अगदी खालच्या कडेला. आता तुमची जिज्ञासा भागली का?

डॉक्टर म्हणाला, कंपनीची हमी असते. कार्ड परत पाठवलं, त्यांनी चूक मान्य केली तर भरपाई देतात. कार्ड मात्र त्यांच्याकडेच राहतं, पुन्हा बाजारात यायला नको म्हणून. तेच करणार आहे. सोमवारी सुट्टी, पोस्ट बंद. मंगळवारी, दहा तारखेला पाठवते. फोटो आहेच ना तुम्ही दिलेला.

लोर्ना

---

ऑल्टूना
५ ऑक्टोबर, तातडीच्या टपालाने

लोर्ना,

ते कार्ड पाठवू नकोस.

पुढील मजकूर मी तीन वेळा लिहिला आणि दोन वेळा फाडला. आता जसा येईल तसा येवो.

१९५५च्या ऑगस्टमध्ये लायल घरी परतला तेव्हा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गमच्या पुड्या आल्या होत्या. आपले कार्ड निघाले असेल या आशेने तो रोज दोन-दोन पुड्या घेई. गम शेजारच्या मुलांना वाटी. दुकानदार त्याला म्हणे, "लायल, गावातल्या सगळ्या पोरांचे दात पडतील, पण तू काही सापडायचा नाहीस." एके दिवशी तो धावत घरी आला. मी आणि तुझी आई स्वयंपाकघरात होतो. "सापडलो! एमरी, हे बघ, सापडलो मी!" आर्लीनने कार्ड उलटसुलट पाहिले आणि म्हणाली, "वा! संघानं बाहेर काढलं, तर गमवाल्यांनी आत घेतलं." तो इतका हसला की त्याला खाली बसावे लागले.

कार्डाच्या मागे खेळाडूचे आकडे छापीत. लायलचे आकडे एका ओळीत संपले होते. नऊ सामन्यांच्या माणसाविषयी कंपनीलाही अधिक काही लिहिता आले नव्हते. खाली बरीच जागा उरली होती. सप्टेंबरमध्ये एका रविवारी आर्लीन चर्चला गेली असताना त्याने माझ्याच खिशातले बॉलपेन घेतले आणि त्या जागेत लिहिले. तू येणार हे तेव्हा नुकतेच कळले होते. तो पेन फार दाबून धरी. त्याने लिहिले:

'बाळा, हा तुझा बाप, डावखुरा. तू वाटेल त्या हाताने फेक. मी झेलीन.'

त्या चार ओळी यंत्राच्या खुणा नाहीत.

"तुझ्याकडं ठेव," असे म्हणून त्याने ते मला दिले. "आर्लीनच्या हाती लागलं तर आत्ताच रडत बसेल. पोर वाचायला लागलं की दे." मी ते पाकिटात घातले. चार महिन्यांनी तो गेला. त्यानंतर ते पाकीट उघडण्याचे धैर्य मला झाले नाही.

तू वाचू लागलीस तोपर्यंत तुझ्या आईचे हॅरल्ड बास्कमशी लग्न झाले होते आणि तुम्ही ओहायोला होता. तुझ्या लग्नात द्यावे असे मी ठरविले. तुझी लग्नपत्रिका आली. तीत छापले होते: 'श्री. व सौ. हॅरल्ड बास्कम यांची कन्या'. लायलचे नाव कोठेच नव्हते. माझे सारे आयुष्य छापील मजकुरावर गेले. जे छापले आहे तेच त्या घराचे म्हणणे आहे, असे मी धरून चाललो. प्रकृतीचे कारण कळविले आणि आलो नाही.

१९८८च्या वसंतात, एका शनिवारी, येथील अग्निशमन केंद्राच्या सभागृहात कार्डांच्या व्यापाऱ्यांनी टेबले मांडली होती. मी ते पाकीट घेऊन गेलो. का गेलो, ते सांगता येणार नाही. तुझ्याविषयीचा राग अकरा वर्षांचा झाला होता आणि तो राग आहे हेही मी विसरलो होतो. उरली होती ती केवळ अडगळ वाटणे. व्यापाऱ्याने पाकिटातून कार्ड काढले, उलटे केले.

"चांगलं आहे हो, पण मागं कुणी तरी गिरगोटलंय."

"ते गिरगोटणे नव्हे," मी म्हणालो.

"जे असेल ते. काळजी नको, निघतं ते."

'निघतं ते.' हे मी ऐकले, लोर्ना. तेव्हा माझे कान शाबूत होते. आणि तरीही मी हात पुढे केला. त्याने मला चाळीस डॉलर दिले.

तू पाठविलेल्या टिपणातील 'वडिलांनी माझ्यासाठी काही ठेवले नाही' ही सातवी चूक होती आणि ती मला प्रथम दिसली होती. मी ती सोडून दिली. मागच्या पत्रात ते कार्ड विकण्याचा सल्ला दिला तोही तुझ्या हिताचा नव्हता. ते कोणा अनोळखी माणसाच्या खाचेत जाऊन बसावे आणि पुन्हा कोणी उन्हात धरू नये, एवढीच माझी इच्छा होती.

कंपनीकडे गेले तर ते परत मिळणार नाही. पाठवू नकोस.

एमरी

---

सँडस्की
२७ नोव्हेंबर

एमरीकाका,

सात आठवडे उत्तर दिलं नाही, कारण लिहायला बसलं की पेन दाबून धरायची. कागद फाटायचा. हे माझ्यात कुठून आलं ते आता कळलं.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं होतं. मंगळवारी मी पोस्टात गेले नाही. डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, "डबी उघडलीत तर हमी संपली. दर्जा गेला, भरपाई गेली. मग ते नुसतं कापलेलं, धुतलेलं कार्ड." मी म्हटलं, "ते नुसतं कार्ड कधीच नव्हतं हो."  मग तो म्हणाला, पक्कडीनं एक कोपरा चेपा, मग सावकाश उसवा.

गसच्या पेटीतली पक्कड घेतली. स्वयंपाकघराच्या टेबलावर टॉवेल पसरला. तीन वेळा करकर वाजलं आणि बाबा माझ्या तळहातावर आले. काका, किती हलकं असतं हो कार्ड! इतके दिवस मला वाटत होतं की वजन त्यांचं आहे. वजन प्लॅस्टिकचं होतं.

मग टॉर्च आडवी धरून बघितलं. तुम्ही म्हणालात म्हणून मला कुठं काय शोधायचं ते ठाऊक होतं. 'बाळा' नाही सापडलं, तिथं इस्त्री सपाट बसलीय. 'डावखुरा' सापडला, अर्धा. 'हाताने फे' एवढं तर बोटाला लागतं. त्यावर मी बोट फिरवलं, डोळे मिटून. एकसष्ट वर्षांची बाई, आंधळ्यासारखी वाचत बसले.

पण शेवटची ओळ नाही. खालची कड तिथंच कापलीय. तीन-चार अक्षरांची डोकी तेवढी उरलीत, त्यावरून काहीही वाचता येतं. 'मी झेलीन' पण वाचता येतं आणि आणखी दहा गोष्टी वाचता येतात. मी दहाही वाचून बघितल्या.

आता माझा राग ऐका, कारण तो ऐकल्याशिवाय तुमची सुटका नाही. माझ्या लग्नाची पत्रिका मी छापली नव्हती. आई आणि हॅरल्ड छापखान्यात गेले होते. मी एकवीस वर्षांची होते, मला कुणी विचारलं नाही. मी एकच गोष्ट ठरवली होती. पहिल्या ओळीत, माझ्या बाजूला, एक खुर्ची तुमच्यासाठी ठेवली होती. वडिलांच्या बाजूचं कुणी तरी बसावं म्हणून. हॅरल्ड म्हणाला, "रिकामी दिसते, काढू का?" मी म्हटलं, "राहू दे, बरं वाटून निघाले असतील, गाडीला उशीर झाला असेल." शेवटपर्यंत रिकामी राहिली. फोटोतसुद्धा आहे. तुम्ही एक छापील ओळ वाचलीत, काका, आणि माणूस वाचला नाही.

गुरुवारी थँक्सगिव्हिंग झालं. शेजारच्या बाईनं बोलावलं होतं. टर्की, क्रॅनबेरी, भोपळ्याची गोड पेस्ट्री, सगळं होतं. कुणी तरी विचारलं, "तुझे वडील काय करायचे?" आयुष्यभर मी सांगत आले, बेसबॉल खेळायचे. या वेळी तोंडात आलं, झेलायचे. पण बोलले नाही. कारण ते त्यांनी लिहिलं होतं की नाही, याला तुमच्या शब्दाखेरीज काहीच पुरावा नाही. आणि तुमचा 'आजारी आहे' हा शब्द मला एकदा महागात पडलाय.

म्हणून एकच विचारते. नीट आठवून, तुमच्या त्या तपासनिसाच्या डोक्यानं आठवून सांगा. 'मी झेलीन' हे त्यांनीच लिहिलं होतं ना? शपथेवर सांगा. तेवढं सांगितलंत तर बाकी सगळं मी सोडून देईन. खरंच सोडून देईन.

लोर्ना

---

ऑल्टूना
३ डिसेंबर २०१७

प्रिय लोर्ना,

खुर्चीविषयी मला माहीत नव्हते. हे मी बचाव म्हणून लिहीत नाही. माहीत करून घेणे माझे काम होते.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी मला ग्रंथालयात जाणे भाग होते, कारण गेल्या पत्रात मी तुला दिलेला आठवड्याचा एक वार मला खटकत होता. तो चुकला होता. जो माणूस वार चुकतो त्याने शपथ घ्यावी की नाही, हे तू ठरव.

'सगळं सोडून देईन' असे तू लिहितेस. मला एकच शब्द लिहावा लागेल, 'होय', आणि तो लिहिण्यास माझा हात किती उत्सुक आहे हे तुला समजणार नाही. परंतु तो लिहिला तर तुझ्या वडिलांच्या हातचे म्हणून तू जे बाळगशील ते कदाचित माझ्या हातचे असेल. डबीवरच्या खऱ्या आकड्याने तुला एकदा जे विकले तेच मी पुन्हा विकीन.

काय झाले ते सांगतो. त्या रविवारी लायल लिहीत असताना मी त्याच्या खांद्यावरून वाचले. दुसऱ्यांदा मी ते कार्ड उघडे पाहिले ते व्यापाऱ्याच्या टेबलावर. त्याने ते खालच्या कडेला धरले होते आणि त्याचा अंगठा शेवटच्या ओळीवर होता. मी त्याला अंगठा काढ म्हणालो नाही. मधली तेहतीस वर्षे ते पाकिटात होते आणि माझ्या मनात होते. मनात ते मी फार वेळा म्हटले आहे. जे वाक्य माणूस इतक्या वेळा म्हणतो त्याचा पहिला उच्चार कोणाचा होता हे त्याला सांगता येत नाही. तिथे एक छोटी ओळ होती, एवढे मला दिसते. काय होते ते वाचायला गेलो की माझाच आवाज ऐकू येतो.

या पत्रात तुला दुसरे काही देता येत नाही, म्हणून तारखा देतो. तुझ्या टिपणातल्या, माझ्या पत्रांतल्या आणि मी आजवर लोकांना सांगत आलो त्या. कालक्रमाने लावल्या नाहीत. ज्याची खात्री सर्वांत अधिक ते आधी लिहिले आहे.

१९ जानेवारी १९५६, गुरुवार. लायलचा मृत्यू, सकाळी सातच्या सुमारास. आमच्याच वृत्तपत्राने 'बुधवारी' असे छापले होते. त्या दिवशी मुद्रिते तपासायला मी कामावर नव्हतो.

२ मार्च १९५६, शुक्रवार. तुझा जन्म. मी त्याच दिवशी रुग्णालयात आलो असे सर्वांना सांगत आलो आहे. मी पाच तारखेला, सोमवारी आलो. तीन दिवस मला दारापर्यंत येणे जमले नाही.

८ ऑक्टोबर १९७७, शनिवार. तुझे लग्न. मी आजारी असल्याचे कळविले होते. मी आजारी नव्हतो. पायऱ्यांना रंग देत होतो.

१७ एप्रिल १९८८. ग्रंथालयातील अंकात सभागृहाची जाहिरात सापडली. शनिवार नव्हे, रविवार. म्हणजे मी त्या सकाळी चर्चला जाऊन मग तेथे गेलो.

७ मे १९५५, शनिवार. लायलचा नववा आणि शेवटचा सामना. धावफलकात त्याचे नाव आहे. तो कसा खेळला ते मला आठवत नाही. मी पाहायला गेलो नव्हतो.

ऑगस्ट १९५५. त्याला कार्ड सापडले. तारीख ठाऊक नाही. दुपार होती, दोरीवर कपडे होते. छायाचित्र त्याच दिवसाचे असावे, खात्री नाही.

सप्टेंबर १९५५, एक रविवार. लायलने कार्डावर लिहिले. 'बाळा, हा तुझा बाप, डावखुरा' हे मी शपथेवर सांगतो. 'तू वाटेल त्या हाताने फेक' हेही शपथेवर. शेवटच्या ओळीविषयी मला शपथ घेता येत नाही.

एमरी